टॉपर उचलणाऱ्याची डॉक्टरेट

प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार मानायची रीत असते. मी मार्गदर्शक मॅडमचे मानले, बायकोचे मानले, विद्यापीठाच्या ग्रंथालयाचेही मानले, जिथे मी फारसा कधी गेलोच नाही. ज्याच्यामुळे तो प्रबंध बांधून झाला त्याचं नाव मात्र तिथे घालता आलं नाही. संशोधनाचा नियम असा की ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांची ओळख कुठे उघड होऊ द्यायची नाही. प्रबंधात तो फक्त 'सहभागी सात' आहे. इथेही मी त्याचं नाव लिहिणार नाही, पण त्याच्यापासूनच सुरुवात करतो. नांदेडच्या जुन्या वस्तीतला, पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या घरातला माणूस. मी ज्या कोचिंग क्लासमध्ये होतो, त्याच्या स्पर्धक क्लासचा मॅनेजर. मी त्याला भाई म्हणतो. माझं उजवं मनगट त्यानंच मोडलं आणि माझी डॉक्टरेटही त्यानंच पुरी करून दिली.

मी नववीतून शाळा सुटलेला माणूस. सोडली म्हणत नाही, कारण शाळाच पडली. किल्लारीच्या पलीकडचं आमचं गाव. भूकंपाचं सांगताना लोक आवाजाचं सांगतात. मला आठवतो तो टिकाव. दगडामातीच्या ढिगाखाली मी पालथा पडलो होतो, तोंडात माती, पायांवर तुळई. माझ्या ओरडण्याच्या रोखानं वरून माणसं खणत होती, आणि त्यातल्या एकाचा टिकाव सरळ माझ्या खांद्यात घुसला. ज्यानं खांदा फाडला त्यानंच मला केस धरून बाहेर ओढलं. आई त्याच ढिगात होती. तिला काढलं तेव्हा तिच्या पाठीवरही टिकावाचे घाव होते, पण त्यांतून रक्त आलेलं नव्हतं. त्यावरून मला कळलं.

लांबच्या एका मामानं मला नांदेडला आणून एका क्लासमध्ये टाकलं. टाकलं म्हणजे शिकायला नव्हे, कामाला. पत्र्याच्या शेडमध्ये बाकांच्या रांगा आणि पुढे एक फळा, एवढाच तो क्लास. मालकांना सगळे सर म्हणायचे. सर गणित शिकवायचे आणि हात उचलायचे. पोरांवर, शिपायांवर, नव्या मास्तरांवर, माझ्यावर. हजेरी चुकली की कानाखाली. डस्टर वेळेवर नाही मिळालं तर तेच डस्टर कपाळावर. आणि दुपारी आपल्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे सरकवायचे, "खा. रडू नको. भूकंपातून वाचलास, थपडीनं मरतोस का?" त्या भाकरीवर मी मोठा झालो हे मी आजही नाकारत नाही.

त्या वर्षांत लातूरचं नाव देशभर दोन गोष्टींनी झालं, पडलेल्या घरांनी आणि बारावीच्या निकालांनी. निकालाचं वारं नांदेडलाही आलं. शेडची इमारत झाली, इमारतीच्या इमारती झाल्या, लातूरला शाखा निघाली. किनवटपासून देगलूरपर्यंतची पोरं पेट्या घेऊन उतरायला लागली. क्लास वाढत गेला तसा मीही वाढलो. हजेरीवाला, मग हॉस्टेल बघणारा, मग शाखा बघणारा, मग सगळ्या शाखांचा जनरल मॅनेजर. मुक्त विद्यापीठाची, दहावी नसलेल्यांसाठीची पूर्वतयारीची परीक्षा दिली. बीए झालं, एमबीए झालं. तरी फिजिक्स शिकवणारे, पीएचडी झालेले मास्तर भर मीटिंगमध्ये म्हणायचेच, "ओ मॅनेजर, एसीचं बघा जरा." मी उठायचो आणि बघायचो.

मग कळलं की एक डॉक्टरेट आपल्यासारख्यांसाठीही असते. पीएचडी पुढं मास्तर व्हायचंय त्यांनी करावी. ही व्यवसाय प्रशासनातली, डीबीए, वर्षानुवर्षं मोठ्या खुर्चीवर काम केलेल्यांसाठी. नोकरी सोडायची नाही. आपल्याच कामातला एक खरा प्रश्न घ्यायचा आणि त्याच्या मुळाशी जायचं. हैदराबादच्या एका विद्यापीठानं मला घेतलं. प्रवेशाचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. वाटत होतं, कुणीतरी फोन करून म्हणेल, चुकून झालं, नववीवाल्याला कोण घेतं?

मार्गदर्शक मॅडम लातूरच्याच होत्या. वाणिज्य शाखेत आयुष्य घालवलेल्या, निवृत्त. मी त्यांच्याकडे पहिला आराखडा नेला, विद्यार्थ्यांच्या समाधानाचा अभ्यास. मॅडमनी दोन पानं वाचली आणि परत दिली.

"हे तुमचं नाही," त्या म्हणाल्या. "हे कुणीही लिहील. साबणाच्या कारखान्यावरही चालेल." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "पेन असं वाकडं का धरता?"

"मनगट मोडलं होतं मॅडम. नीट बसलं नाही."

"कशानं मोडलं?"

"टॉपर उचलताना."

त्यांना कळलं नाही. आमच्या धंद्याबाहेरच्या कुणालाच कळत नाही, म्हणून सांगतो. निकालाच्या दिवशी जिल्ह्यात पहिला आलेला पोरगा ज्या क्लासच्या होर्डिंगवर झळकतो, त्या क्लासचं वर्ष निघतं. पण पोरगा एकाचाच नसतो. शिकवणी एकाकडे लावलेली असते, सराव परीक्षा दुसऱ्याकडे दिलेल्या असतात. दोघांनाही वाटतं तो आपला. म्हणून निकालाच्या दिवशी प्रत्येक क्लासच्या गाड्या तालुक्या-तालुक्यात उभ्या असतात. नाव कळलं की घर गाठायचं, हार घालायचा, पेढा कोंबायचा, फोटो काढायचा, आणि पोराला गाडीत घालून नांदेडला आणायचं. होर्डिंग चढेपर्यंत त्याचा फोन बंद आणि तो आपल्या ताब्यात. याला आम्ही टॉपर उचलणं म्हणायचो. ते माझंच काम होतं.

त्या वर्षी पहिला आलेला लोह्याकडच्या एका खेड्यातला निघाला. मी हारपेढे घेऊन पोचलो तर अंगणात भाईची गाडी आधीच उभी. आम्ही एकमेकांना तोंडानं ओळखत होतो. त्यानं पोराचा डावा दंड धरला होता, मी उजवा धरला. माझ्या माणसांनी भाईच्या माणसांना ढकललं, त्यांनी यांना. कुणाचा तरी दात पडला, कुणाचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. पोरगा दोन हारांमध्ये गुदमरत होता. दोन्ही बाजूंनी तोंडात पेढे कोंबलेले. तो काहीतरी ओरडत होता आणि ते कुणालाच कळत नव्हतं. भाईनं गाडीच्या जॅकचा दांडा काढला आणि माझ्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळली तुराटी मोडावी तसा. तरी मी दुसऱ्या हातानं पोराला सोडलं नाही.

शेवटी पोरानं पेढा थुंकला. "आवं मी त्यो न्हाई!" तो रडत म्हणाला. "मी नापास हाव, नापास!"

"लाजतंय," माझा ड्रायव्हर म्हणाला. "हुशार पोरं असंच करतेत."

तेवढ्यात घरातून त्याची आई आली, हातात जळकं लाकूड. "सोडा त्याला, मुडद्यांनो! हुशार लेकरू मामाकडं गेलंय बिलोलीला. ह्यो थोरला हाय. बारावीला बसतंय आन् पडतंय, बसतंय आन् पडतंय."

सगळे थांबले. थोरला दोन हार घालून रक्ताच्या शिंतोड्यांत उभा होता. मग दोन्ही गाड्या एकदम बिलोलीकडे सुटल्या. मी मोडका हात मांडीवर घेऊन पुढे बसलो होतो. पोचलो तेव्हा खऱ्या टॉपरला तिसऱ्याच क्लासनं उचललेलं होतं. संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हात बघितला. म्हणाले, "रिकाम्या हातानं आलास?" एवढंच. मारलं नाही. मला ते मारण्याहून जास्त लागलं.

मॅडम हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. सगळे हसतात, मीही हसवून सांगायचो. त्या म्हणाल्या, "शिकलेली, पगारी, पोराबाळांची माणसं एका नापास मुलाचे हात ओढतात आणि एकमेकांची हाडं मोडतात. कुणी सांगितलं होतं तुम्हाला दांडा काढायला?"

"मी नाही काढला मॅडम. भाईनं काढला."

"मग त्याला कुणी सांगितलं होतं?"

मी वाकडं मनगट टेबलाखाली घेतलं.

"हाच तुमचा विषय," त्या म्हणाल्या. "जा, शोधा."

अशी माझी डॉक्टरेट ठरली. कोचिंगच्या धंद्यात मारामारी कोण करायला लावतं, कशी करायला लावतं, आणि ज्याला करावी लागते त्याचं काय होतं. एका क्लासपुरतं चालणार नव्हतं. इतर क्लासच्या मॅनेजरांनी बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत तर प्रबंध नाही, आणि मुदतीत प्रबंध नाही तर सगळं पाण्यात.

कुणीही बोलेना. फोन उचलायचे आणि माझा आवाज ऐकून ठेवायचे. लातूरच्या एका मॅनेजरनं बोलावून घेतलं आणि दार लावून माझी कॉलर धरली, "कुणी पाठवलं? तुझ्या सरनी? आमचे मास्तर फोडायला आलास?" त्याच्या शिपायानं मला जिन्यावरून ढकललं. मी स्वभावानं भित्रा आहे. पत्रा वाजला तरी माझी छाती धडधडते. त्या जिन्याच्या पायथ्याशी बसून मी ठरवलं, बास. आणि उठलो तो सरळ नांदेडला भाईकडे गेलो. का गेलो ते अजून सांगता येत नाही. बहुतेक वाटलं, यानं एकदा मारलंय, आता आणखी काय मारेल.

भाई सुट्टीच्या दिवशी भावाच्या कारखान्यात बसायचा. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून लांबोडकी शेड, पत्र्याची भेंडोळी, आणि दिवसभर ठोकाठोकी. हॉस्टेलवर येणारी सगळी पोरं इथल्याच पेट्या घेऊन येत.

"क्या भूकंप," मला बघून तो म्हणाला. त्या भागातून आलेल्यांना नांदेडात तेव्हा असंच म्हणायचे. "हाथ बताने आया क्या? मेरेकू डॉक्टरी नै आती."

"मलाच डॉक्टर व्हायचंय, भाई," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

तो हातोडा खाली ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मैंने मारा वो बी लिखेगा?"

"हाव."

"मेरे मालिक ने उसके बाद मेरेकू स्टाफ के सामने चप्पल से मारा, वो?"

हे मला ठाऊक नव्हतं.

"लिख," तो म्हणाला. "कोई तो लिखना. पन नाव नक्को. अन् इधर बैठ के बोलेंगे, माळ्यावर. खाली ठोकाठोकी चालू राहती, बाहेर कुणाला ऐकू जात नै."

त्यानंतर त्यानं एकेकाला आणलं. मला जिन्यावरून ढकलवणारा लातूरचा मॅनेजरही आला, मान खाली घालून. भाईनं त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. माळ्यावर पेट्यांच्या उतरंडी होत्या. त्यांच्या मधे सतरंजी टाकून आम्ही बसायचो. मी लॅपटॉपवर आवाज भरून घ्यायचो. नंतर घरी ऐकताना प्रत्येक वाक्यामागे धाड धाड हातोडा. माणूस सांगतोय की मास्तर पळून जाऊ नये म्हणून त्याला खोलीत कोंडून कसा पट्ट्यानं मारला, आणि मागे धाड. माणूस सांगतोय की घरी गेल्यावर बायकोवर हात उगारला, आणि मागे धाड. ऐकताना मला मधूनच उठून अंगणात यावं लागायचं.

सरांना कळलंच. नांदेड केवढं. त्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दाराला कडी घातली.

"पेटीवाल्याच्या माळ्यावर काय करायलास?"

"अभ्यास, सर. डॉक्टरेटचा."

"डॉक्टर व्हायलास? कुणाला सुई टोचणारैस?" मग आवाज चढला. "माझ्या क्लासचं पोस्टमॉर्टेम करून डॉक्टर? ढिगाऱ्यातनं उचलून आणलं तुला. अक्षर लिहायला शिकवलं. उद्या ती माणसं तुझ्या आडून माझे मास्तर नेतील, कळतंय का तुला, बिनडोक?"

"सर, कुणाचंच नाव नाही त्यात. तुमचंही नाही."

थप्पड इतक्या जोरात बसली की चष्मा कपाटाखाली गेला. मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, सहा शाखांचा जनरल मॅनेजर, गुडघ्यावर बसून कपाटाखाली हात घालत होतो आणि वरून सर म्हणत होते, "लॅपटॉप आणून टेबलावर ठेव. मग कामाला लाग. मी विसरून जाईन."

विसरलेही असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. लॅपटॉप दिला असता तर दुपारी डबाही पुढे सरकवला असता. चष्मा मिळाला. मी कडी काढली आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची मुलाखत होती, बिलोलीकडच्या एका मॅनेजरची. आम्ही तिघं माळ्यावर. खालची ठोकाठोकी अचानक बंद पडली. पाठोपाठ पत्र्याचं भेंडोळं जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. तो नुसता आवाज नव्हता, सगळा माळा त्यानं हलला. मी जागच्या जागी आखडलो. मला वाटलं, परत.

फळ्यांच्या फटीतून खाली सगळं दिसत होतं. चार-पाच जण घुसले होते, हातात गज. दोघांना मी नावानं ओळखत होतो. आमच्याच क्लासच्या हॉस्टेलवर पोरांना वठणीवर आणायला ठेवलेले, त्यांचा पगार मीच काढायचो. भाईचा भाऊ मधे आला तर त्यांनी त्याच्या पोटात लाथ घातली. एकानं गज उगारला आणि त्याच्या गुडघ्यावर मारला. मग ते माळ्याच्या शिडीकडे वळले.

"मॅनेजर, खाली ये," एकजण ओरडला. "सर म्हणले रिकाम्या हातानं येऊ नका."

भाईनं माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप पोटाशी धरून उतरंडीमागे बसलो होतो. बिलोलीवाला माझ्याही मागे. भाई शिडी उतरला आणि शेवटच्या पायरीवर उभा राहिला. पहिला गज त्यानं दंडावर घेतला. दुसरा कानशिलावर बसला आणि कानातून रक्ताची धार मानेवर आली. तो खाली बसला, हाताला आला तो पत्रा ठोकायचा लाकडी हातोडा उचलला आणि बसल्या बसल्याच समोरच्याच्या जबड्यावर घातला. जबडा एका बाजूला सरकलेला मी वरून बघितला. बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. पेट्या कोसळल्या. शिडी मोडली. एकजण खांबावरून वर चढला, माझ्या हातातून लॅपटॉप हिसकावला, खाली टाकला, आणि खालच्यानं पत्र्यासारखा तो ठोकून सपाट केला. मला मारलं नाही. तोंडावर थुंकला फक्त. म्हणाला, "सर म्हणले, त्याला हात लावू नका."

पुढचं लवकर झालं. जबडा फुटलेल्यानं आधी तक्रार दिली. पोलिसांनी भाईलाच धरलं, प्राणघातक हल्ला म्हणून. मी ठाण्यात गेलो, सांगितलं की मी तिथे होतो. फौजदारानं विचारलं, "तुम्ही कोण?" कालच सरांची नोकरी सोडून आलेला मॅनेजर म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तुम्ही बोलणारच सरांच्या विरोधात," आणि मला बाहेर बसवलं. बसून बसून मी घरी आलो.

भरून घेतलेले सगळे आवाज गेले होते. आज सगळे म्हणतात, दुसरी प्रत का नाही ठेवली? नाही ठेवली, कारण दुसरीकडे ठेवलं तर कुणाच्या हाती लागेल ही धास्ती होती. मुदत संपत आली होती. मॅडमना फोन करून म्हटलं, मी नाव काढून घेतो. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला थांबवणार नाही. तुम्हाला काही झालं तर मला ते पेलायचं नाही."

जामिनावर सुटल्यावर भाईचा फोन आला. आवाज मोठा होता. एक कान गेला होता, म्हणून तो आता मोठ्यानंच बोलायचा.

"क्या भूकंप, कित्ता लिख्या?"

"काही नाही भाई. सगळं गेलं. सोडून दिलं."

"सोडून दिलं?" तो इतका ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. "मेरा कान गया, तू सोडून दिलं? शुक्रवारी घरी ये. नमाजनंतर. सगळे येतेत."

"कोण सगळे?"

"जे बोलले ते सगळे. परत बोलेंगे."

मी गेलो. भाईच्या घरच्या पुढच्या खोलीत ते सगळे बसले होते. लातूरचा, बिलोलीचा, बाकीचे. भाईची म्हातारी आई पडद्याआडून चहा पाठवत होती. भाई डोक्याला पट्टी बांधून भिंतीला टेकला होता. पहिल्यांदा हे लोक माळ्यावर आले तेव्हा एकटे आले होते आणि स्वतःला वाचवत बोलले होते. आता भाईच्या कानाकडे बघत बोलत होते. इथे हातोडे नव्हते, त्यामुळे हळू बोललेलंही ऐकू येत होतं. लातूरचा म्हणाला, "मालकानं मला कधी मार म्हणून सांगितलं न्हाई. कधीच न्हाई. म्हणायचे, रिकाम्या हातानं येऊ नका." बिलोलीचा मान वर करून म्हणाला, "आमचे पण हेच म्हणायचे. ह्याच शब्दात." भाई म्हणाला, "मेरेवाले बी."

मला वाटलं होतं की हे वाक्य फक्त आमच्या सरांचं आहे. मी ते आयुष्यभर जिव्हाळ्याचं मानत आलो होतो.

त्या एका वाक्यावर माझा प्रबंध उभा आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "गुंडगिरी आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे. तुम्ही नवीन काय सांगितलं?" मग मी म्हणालो, "साहेब, आमच्यातला कुणीही चिडून मारत नव्हता. मारणं हे काम होतं. पण ते काम कुणी कुणाला दिल्याचं सापडत नाही. वरचा माणूस फक्त निकाल मागतो आणि हात कसा वापरायचा ते खालच्यावर सोडतो. म्हणून वरच्याचे हात स्वच्छ राहतात आणि हाडं खालच्यांची मोडतात, एकमेकांकडून." परीक्षकांनी चष्मा काढला आणि आपल्या नोकरीतलं काहीतरी आठवल्यासारखे खिडकीकडे बघत बसले. नंतर मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं, "झालं, डॉक्टर." त्यांचे डोळे भरले होते. मला रडूही आलं नाही आणि आनंदही धड झाला नाही. मी आधी भाईला फोन लावला.

"अब सुई टोच सकता तू," तो ओरडला आणि हसत सुटला.

नांदेडात मला कुणी नोकरी दिली नाही. मी आता रायपूरला आहे, एका निवासी शाळांच्या संस्थेत. इथल्या दारावर नावाआधी डॉक्टर लिहिलंय. मराठी बोलायला घरच्यांशिवाय कुणी नाही. आणि भाईचा खटला अजून चालू आहे. तो तारखांना उभा राहतो, उजवा कान पुढे करून, कारण डाव्यानं न्यायाधीशाचं बोलणं ऐकू येत नाही. कारखान्यात आधी कोण घुसलं, पहिला गज कुणी उगारला, हे वरून बघितलेली माणसं दोनच; भावाचं आणि कामगारांचं बोलणं घरचं म्हणून कुणी धरत नाही. बिलोलीवाला म्हणतो, त्यानं डोळे मिटून घेतले होते. राहिलो मी.

भाई म्हणतो, "नक्को आ रे. तेरे सर के लोग कोर्ट के बाहर रहते. तेरी नोकरी हाय, लेकरं हाय. मैं देख लेता." बायकोही तेच म्हणते. सरांनी कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला, मी साक्षीला आलो तर मला ओळखणार नाहीत म्हणे. ते मला ओळखणार नाहीत याची मला अजूनही भीती वाटते. हे लिहितानाही वाटते. ज्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली, त्यांचं नाव मला भर कोर्टात घ्यावं लागेल.

पण भाई, तुझ्या वकिलाला मी कळवलंय. ज्या दिवशी मला पुकारतील त्या दिवशी मी नांदेडला येईन. पिंजऱ्यात उभं राहताना मी भिईन, ते धरून चाल. तरी मी सगळं सांगेन, पहिल्या गजापासून. तुझा कान मला परत आणता येणार नाही. पण ही एक गोष्ट मी देणं लागतो, आणि ती मी देणार आहे.